रेरावाले भैया

बाकीच्या गावांत लग्न ठरलं की माणूस घर बघायला लागतो. भिलाईत निवृत्तीची तारीख जवळ आली की बघतो. तोवरची तीस-पस्तीस वर्षं सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये आरामात गेलेली असतात. अंगणात शेवगा, पेरू, कुंपणाला मोगरा. पाणी स्टील प्लांटचं, वीज प्लांटची, छत गळलं तर टाउनशिपच्या ऑफिसात कम्प्लेंट लिहायची आणि पावसाळा संपायची वाट बघायची. घर विकत घ्यायचं असतं हे त्या कुटुंबाच्या कधी डोक्यातच येत नाही, कारण घर अलॉट होतं. मग साठ वर्षं भरतात, महिनाअखेरीला डिपार्टमेंटात विदाई समारोह होतो, शाल-श्रीफळ मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्या माणसाला कळतं की ‘सेक्टर अमुक, स्ट्रीट तमुक’ हा पत्ता आपला नव्हताच, नोकरीचा होता.

नेमक्या त्याच चहाला जो हजर असतो, तो रेरावाले भैया.

त्याच्या डायरीत सणवार नसतात, महिनाअखेरी असतात. कोण कुठल्या महिन्यात रिटायर होतंय, ब्लास्ट फर्नेसमधले किती, कोक ओव्हनमधले किती, कुणाचा मुलगा बेंगळुरूला आहे (म्हणजे फ्लॅट लागेल) आणि कुणाचा इथेच सुपेल्यात दुकान टाकून बसलाय (म्हणजे प्लॉट लागेल), याची त्याला पक्की माहिती असते. विदाई समारोहाला तो बोलावल्याशिवाय जातो आणि मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. भाषणात ‘अब आप अपने परिवार को समय दीजिए’ हे वाक्य आलं की तो खिशातल्या व्हिजिटिंग कार्डांना हात लावून बघतो.

भैयाचं वय तीस-पस्तीस. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाजीबाजारात छत्तीसगढी बोलतो. रागावला की तिन्ही एकदम. आजोबा भंडाऱ्याकडचे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि भिलाईत कारखान्याचं काम निघालं, तेव्हा ते रेल्वेत बसून आले. त्या वेळी दुर्ग आणि भंडारा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. दुसऱ्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आजोबा एका जागी बसल्या बसल्या परप्रांतीय झाले. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, ती त्यांनी गर्दीत उभं राहून पाहिली. २००० साली छत्तीसगढ वेगळं झालं. एवढ्या काळात या कुटुंबाने एकाच गावात राहून दोन मध्य प्रदेश आणि एक छत्तीसगढ पाहिलं, पण स्वतःच्या नावावरची जमीन एक फूटही पाहिली नाही.

वडीलही प्लांटमध्येच लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तिसऱ्या पिढीने भिलाईच्या रिवाजाप्रमाणे सिव्हिक सेंटरच्या कोचिंग क्लासांत वर्षं घातली, आयआयटीने हुलकावणी दिली, आणि दुर्ग-भिलाईतल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी काढली. तोवर प्लांटमधली भरती आटत चालली होती. कधीकाळी साठ हजारांच्या घरात असलेली कायम कामगारांची संख्या आज त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आली आहे. भैयाने थोड्या विमा पॉलिसी विकल्या, थोड्या शिकवण्या घेतल्या. मग २०१६ मध्ये आयआयटी स्वतःच भिलाईच्या नावाने निघाली आणि पुढे कुटेलाभाठ्याला तिचा कॅम्पस उभा राहिला. ज्या आयआयटीत आपल्याला प्रवेश मिळाला नाही तिच्या आसपासच्या जमिनीला भाव येतोय हे पाहून भैयाच्या डोक्यात प्रकाश पडला. आता त्याच्या जाहिरातीत ‘आयआयटीपासून अवघ्या दहा मिनिटांवर’ असं असतं. दहा मिनिटं कशाने, हे लिहिलेलं नसतं.

पण भैया लेचापेचा दलाल नाही. त्याच्याकडे नंबर आहे.

केंद्राचा रिअल इस्टेट कायदा, म्हणजेच रेरा, २०१६ चा. त्यातली मुख्य कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली आणि छत्तीसगढचं रेरा प्राधिकरण २०१८ मध्ये रायपूरला कामाला लागलं. कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे नोंदणी केलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायचा तर एजंटाचीही नोंदणी हवी. भैयाने पॅन, आधार, फोटो, रिटर्न सगळं ऑनलाइन चढवलं, फी भरली आणि ज्या दिवशी मेलवर प्रमाणपत्र आलं त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली. प्रमाणपत्राची फ्रेम झाली. ती टांगायला ऑफिस नव्हतं म्हणून ती बैठकीत टीव्हीच्या वर लागली. व्हिजिटिंग कार्डावर नाव बारीक, नंबर ठळक. स्कूटरच्या मागच्या बाजूलाही नंबर आला, आणि ट्रॅफिकच्या हवालदाराने एकदा थांबवून विचारलं की यातला गाडीचा कुठला.

पुण्याच्या मावशीचा फोन आला. तिच्या सोसायटीतला एजंट महारेराचं प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन पास झाला होता. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांना ते सक्तीचं झालंय. मावशीने पहिलाच प्रश्न विचारला, “तुला टक्के किती पडले?”

“मावशी, इथे नंबर मिळतो. टक्के गिऱ्हाईक देतं.”

“ते तरी किती?”

यावर फोनची रेंज गेली.

वडिलांचं मत जास्त खडबडीत होतं. तीन शिफ्टांत घाम गाळलेल्या माणसाला बोलून पैसे मिळतात हेच पटत नाही. “शेवटी दलालीच ना?” ते म्हणाले. भैयाने कायद्याची प्रत उघडून व्याख्या वाचून दाखवली: प्रॉपर्टी डीलर, ब्रोकर, मध्यस्थ, कुठल्याही नावाने काम करणारा, तो एजंट. वडिलांनी चष्मा लावून ती स्वतः पुन्हा वाचली. “हेच तर मी म्हणतोय,” म्हणाले आणि पेपर उघडला.

खरी परीक्षा सुपेल्याच्या पानठेल्यावर झाली. तिथले चाचा चुना लावता लावता निम्म्या टाउनशिपची भाड्याची घरं लावून देतात. कुठलं घर रिकामं होतंय हे घरमालकाच्या बायकोच्या आधी चाचांना कळतं. त्यांच्याकडे वही नाही, फोटो नाहीत, वेबसाइट नाही. भैयाने त्यांना कार्ड दिलं आणि सद्भावनेने सावध केलं: नोंदणीशिवाय एजंटगिरी केली तर बासष्टाव्या कलमाखाली दर दिवसाला १०,००० रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत.

चाचांनी हात थांबवला. “रोज दस हजार?” थोडा वेळ हिशेब केला. “मतलब सरकार को लगता है मैं इतना कमाता हूँ?” आणि खुशीत येऊन भैयाला मीठा पान फुकट दिलं.

भैयाला हे नंतर, कायदा तिसऱ्यांदा वाचताना उमगलं, की चाचांना ते कलम लागतच नाही. रेराचा सगळा कारभार बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांभोवती आहे. भाड्याची घरं, माणसाने माणसाला विकलेलं जुनं घर, यांना ते दार नाही. आणि भिलाईत गिऱ्हाईक जे मागतं त्यातलं बहुतेक सगळं त्या दाराच्या बाहेरच आहे.

पहिलं गिऱ्हाईक येतं ते ‘लीजवालं क्वार्टर’ मागत. ही भिलाईची जुनी भूक आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्लांटची मालक कंपनी ‘सेल’ने काही क्वार्टर्स कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली. ज्यांनी घेतली त्यांनी पुढे पोर्च काढला, मागे खोली चढवली, फाटकाला ग्रॅनाइटची पाटी लावली. ज्यांनी तेव्हा ‘कशाला पैसे अडकवायचे’ म्हणून सोडलं ते अजून त्या पाटीकडे न बघता त्या रस्त्याने जातात. भैया अशा गिऱ्हाइकाला बसवून घेतो. जमीन सेलचीच राहते, मिळतो तो लीजचा हक्क, दुसऱ्याच्या नावावर करायचा तर सेलची परवानगी, बँकेचं कर्ज सहजी नाही, हे सगळं तो रेरावाल्या गांभीर्याने समजावतो. गिऱ्हाईक मान डोलावतं, दोन कप चहा पितं, बिस्किटांची बशी रिकामी करतं. शेवटी उठताना विचारतं, “बरोबर आहे तुमचं. पण आहे का एखादं?”

दुसरं गिऱ्हाईक प्लॉटचं. इथे भैयाला रात्री झोप लागत नाही.

छत्तीसगढमध्ये जमीन डिसमिलमध्ये बोलली जाते. शंभर डिसमिलचा एक एकर, म्हणजे एक डिसमिल साधारण ४३५ चौरस फूट. पाच डिसमिलपेक्षा लहान तुकड्याच्या रजिस्ट्रीवर आधी बंदी होती. २०१९ च्या सुरुवातीला नव्या सरकारने ती उठवली, आणि शहराच्या कडेची शेतं पट्ट्या-पट्ट्यांनी विकली जाऊ लागली. पद्धत सोपी आहे. शेतात मधोमध मुरमाचा रस्ता ओढायचा, दोन्ही बाजूंना चुन्याने चौकोन आखायचे, एका कोपऱ्यात कॉलनीच्या नावाचा फ्लेक्स बांधायचा. टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा नकाशा नाही, नाली नाही, खांब नाही. मग महापालिकेची जेसीबी येते, रस्ता उखडते, पेपरात फोटो येतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा मुरूम पडतो. २०२५ मध्ये शेतजमिनीचा पाच डिसमिलपेक्षा लहान तुकडा करण्याला कायद्याने पुन्हा लगाम घातला, पण तोवर निम्म्या नातेवाइकांनी टोकन देऊन टाकलेलं होतं.

कायदा म्हणतो, पाचशे चौरस मीटरच्या वरचा प्रकल्प असेल तर नोंदणी पाहिजे, आणि नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली वीट रजिस्टर्ड एजंटाने विकायची नाही. म्हणजे भैयाची अवस्था अशी की ज्याच्याकडे नंबर नाही तो बिनधास्त विकतोय, आणि ज्याने फी भरून नंबर घेतला तो फ्लेक्सखाली उभा राहून लोकांना परत पाठवतोय. मामेसासऱ्यांना त्याने असंच परत पाठवलं. त्यांनी तोच प्लॉट शेजारच्या ठेल्यावरून घेतला आणि वास्तुशांतीला भैयाला बोलावलं. वास्तू नव्हती, चार कोपऱ्यांत चार विटा होत्या, पण बुंदीचे लाडू होते.

नागपूरचे काकाही एकदा वंदे भारतने आले, म्हाताऱ्या दिवसांत भावाजवळ प्लॉट घ्यावा म्हणून. भैयाने जमिनीच्या नोंदींचं ‘भुइयां’ पोर्टल उघडून बी-वन काढला, पी-टू काढला, खसरा नंबर दाखवला, नामांतरण झालंय का ते दाखवलं. काकांनी सगळं शांतपणे पाहिलं.

“आणि सातबारा?”

“काका, इथे हेच असतं.”

“हे ठीक आहे रे. पण सातबारा?”

काका संध्याकाळच्या गाडीने परतले. सातबाऱ्याशिवाय जमीन घेणं त्यांना कुंडलीशिवाय मुलगी देण्यासारखं वाटलं.

आता भैयाच्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाकडे यायला हवं. कारण ते येईपर्यंत भैयानेही बरीच वाट पाहिली. रेल मिलमधून निवृत्त झालेले हे काका वडिलांचे शिफ्टमधले सोबती. जुनवानीकडच्या एका नोंदणीकृत प्रकल्पात दोन बेडरूमचा फ्लॅट बघायचं ठरलं. भैयाने शर्टाला इस्त्री केली. काका आले ते स्वतःची स्टीलची टेप आणि ओळंबा घेऊन.

हे समजून घेतलं पाहिजे. भिलाईची रेल मिल १३० मीटर लांबीची एकसलग रेल काढते. त्या रेलवर देशाच्या गाड्या धावतात आणि तिच्यात चूक मिलिमीटरमध्ये मोजली जाते. ज्या माणसाने उभं आयुष्य तिथे ‘पास’ आणि ‘रिजेक्ट’ म्हणण्यात घालवलं, त्याला सॅम्पल फ्लॅट दाखवणं हे धाडस आहे. काकांनी बेडरूम मोजली. ब्रोशरमध्ये लिहिलेलं आणि टेपने सांगितलेलं यांत फरक निघाला. सेल्सवाला मुलगा ‘सुपर बिल्ट-अप’ म्हणू लागला, तेव्हा भैयाने पुढे होऊन सांगितलं की रेरानंतर विक्री कार्पेट एरियावर होते. काकांनी भैयाकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. मग ते खाली बेसमेंटमध्ये गेले, उघड्या खांबाशी थांबले आणि बाहेर आलेली सळई बोटाने वाजवली.

“सरिया कुणाचा?”

मुलाने रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका खासगी मिलचं नाव अभिमानाने सांगितलं. काका काही बोलले नाहीत. जिथे मुर्गा चौकात उभं राहिलं की देशाच्या पोलादाचा धूर दिसतो, त्या गावात इमारत उभी करताना बाहेरचा सरिया! खासगी सरियासुद्धा मानांकनाचा आहे, चाचणीचा रिपोर्ट आहे, हे पटवायला भैयाला दुसरी फेरी करावी लागली.

तिसरी फेरी वास्तुशास्त्राची. क्वार्टर मिळताना दिशा कुणी विचारत नाही, सीनियॉरिटी विचारतात. काकांच्या क्वार्टरचं दार दक्षिणेला होतं, संडास ईशान्येला, आणि त्याच घरात दोन्ही मुलं शिकली, मुलीचं लग्न झालं, ग्रॅच्युइटी पूर्ण मिळाली. पण पैसे खिशातून जायची वेळ आली तसे काका अचानक पूर्वाभिमुख झाले. काकूंना स्वयंपाकघर आग्नेयेला हवं होतं आणि गॅलरीत मोगरा जगेल का हे हवं होतं. भैयाने मोबाइलवर कंपास लावला. लिफ्टजवळ लोखंड फार, सुई भलतीकडेच वळली. चौथ्या मजल्यावरचं घर दोन वेळा पश्चिमेला गेलं.

बुकिंगच्या दिवशी सेल्स ऑफिसात मोठी रक्कम भरून टाका, दोन दिवस ऑफर आहे, असा आग्रह सुरू झाला. भैयाने कायद्याचं तेरावं कलम काढलं: करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेल्सचा साहेब त्याला बाजूला घेऊन गेला आणि फार मनापासून विचारलं, “भैया, आप हमारी तरफ से हैं या उनकी तरफ से?”

हा प्रश्न नव्या एजंटाला कोणत्याच कलमात सापडत नाही. कमिशन बिल्डर देणार, शिव्या काका देणार, आणि आई रोज संध्याकाळी विचारणार की काकूंचं काम नीट करतोयस ना. जुने लोक यात अडकत नाहीत. ते दोन्हीकडून घेतात आणि दोन्हीकडे ‘आपला माणूस’ म्हणवून घेतात. भैयाला अजून ते जमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यात आवडण्यासारखं जे काही आहे ते एवढंच.

रजिस्ट्रीआधी घरात आणखी एक अधिवेशन झालं. घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत सवलत आहे. भैयाने वाचणारी रक्कम कागदावर लिहून दिली. काकांना बचत पटली. नाव पटायला वेळ लागला. रजिस्ट्रीच्या सरकारी गाइडलाइन रेटवरूनही त्यांचा जीव हळहळला. २०१९ मध्ये राज्याने हे दर ३० टक्क्यांनी उतरवले होते आणि ती सूट ३१ मार्च २०२४ ला संपली. काकांची निवृत्ती त्यानंतरची. “जन्मतारीख तेव्हा शाळेत मास्तरने टाकली,” ते म्हणाले. “एक वर्ष आधीची टाकली असती तर?” भैयाने हा मुद्दा रेराच्या कक्षेत येत नसल्याचं नम्रपणे सांगितलं. काकूंनी मात्र सही करताना पेन दोनदा झटकून पाहिलं आणि आपलं पूर्ण नाव, माहेरच्या वळणाने, सावकाश लिहिलं.

आता दलाली. कायद्याने टक्केवारी ठरवून दिलेली नाही, रिवाज एक-दोन टक्क्यांचा. बिल्डरचं कमिशन ‘पेमेंट आलं की’ या तारखेला मिळणार होतं. काकांकडून काही मागायचं का, यावर भैयाने आरशासमोर दोन दिवस सराव केला. प्रत्यक्षात काका म्हणाले, “तुझ्या बाबांबरोबर मी अठरा वर्षं नाइट केलीय,” आणि तो विषय तिथे बुडाला. निघताना काकूंनी अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा वर्तमानपत्रात बांधून दिल्या. वर्तमानपत्रात भैयाचीच जाहिरात होती.

वडिलांनी त्या रात्री शेंगांची आमटी दोनदा वाढून घेतली. “पहिली कमाई,” म्हणाले. टोमणा होता की कौतुक, हे आईलाही सांगता आलं नाही.

पण प्रकरण संपलं नव्हतं. किल्ल्या मिळाल्या आणि काकूंनी क्वार्टर सोडायला नकार दिला. निवृत्तांना भाडं भरून काही काळ क्वार्टरमध्ये राहता येतं, तेवढा काळ राहू, मग बघू. अंगण, मोगरा, सेक्टर ९ चा मारुती, हॉस्पिटल, सगळं इथे. तिकडे चौथ्या मजल्यावर कुणाच्या कुंपणाशी उभं राहून बोलायचं? तेव्हा फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरला आणि काम अर्थातच भैयावर आलं. अटी होत्या: माणूस नोकरीतला हवा, शक्यतो प्लांटमधलाच, शाकाहारी असला तर बरं, आणि भिंतीत खिळा ठोकायचा नाही.

भैयाने फोटो काढले, पोर्टलवर टाकले, सगळ्या ग्रुपांवर टाकले, खाली ठळक नंबर टाकला. चौकशा आल्या त्या सगळ्या दुसऱ्या एजंटांच्या. दोन आठवडे झाले तसा तो सुपेल्याला गेला आणि चाचांसमोर उभा राहून उगाच हवापाण्याच्या गप्पा मारू लागला. चाचांनी पान दुमडलं. “जुनवानी वाला ना? चौथा माला?” त्यांना पत्ता माहीत होता, भाडं माहीत होतं, खिळ्याची अटसुद्धा माहीत होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी भाडेकरू पाठवला: कॉलेजातला प्राध्यापक, शाकाहारी, सामानात पुस्तकंच जास्त.

दलाली अर्धी-अर्धी ठरली. भैया नियमाचा पक्का. त्याने आपल्या हिश्शाची पावती फाडली, नोंदणी क्रमांक वर छापलेला, आणि चाचांनाही त्यांच्या हिश्शाची पावती द्यायला सांगितली, हिशेबाच्या वहीत लावायला. चाचांनी गल्ल्याखाली हात घातला आणि भैयानेच कधीतरी दिलेल्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा काढला. वरच्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलने रक्कम लिहिली, खाली सही केली, आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.

“नंबर पीछे छपा है,” चाचा म्हणाले. “चलेगा ना?”